पाना-पकड : शर्यतीचे तीन दिवस, वाचकांची पत्रं

दोन अंकांपूर्वी चेनच्या तेलाबद्दल लिहिताना एक वाक्य ओघात लिहून गेलो, की सप्टेंबर २०२३ मध्ये मी आणि आमच्या सौ. ग्रेटर नोएडाला मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकलींची जागतिक शर्यत, बघायला गेलो होतो. तेल राहिलं बाजूला. पत्रं आली ती सगळी त्या एका वाक्यावर. तेव्हा या महिन्यात क्लचप्लेट आणि कार्ब्युरेटरला सुट्टी.

नवीन वाचकांसाठी एवढंच सांगतो : मी चिंचवडला एका कारखान्यात टूलरूमला होतो आणि संध्याकाळी घराखाली गॅरेज चालवायचो. नव्वदच्या दशकात आरएक्स-१०० घेऊन चार वेळा मद्रासच्या ट्रॅकवर शर्यतीत उतरलो. सर्वांत चांगला निकाल अकरावा. एवढ्या भांडवलावर बोलतोय, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र मलेशियाला सेपांगची मोटोजीपी बघायला जायचं म्हणतोय. तिकीट तीन दिवसांचं काढावं की फक्त रविवारचं? पाऊण तासाच्या शर्यतीसाठी शुक्रवारपासून उन्हात बसून करायचं काय? (एक वाचक, इचलकरंजी)

तीन दिवसांचंच काढा. रविवारी निकाल लागतो, पेपर शुक्रवारी सकाळीच सुरू झालेला असतो.

शुक्रवारी सकाळी पाऊण तास मोकळा सराव. त्याची वेळ कुठे धरत नाहीत. दुपारी तासाभराचा दुसरा सराव, तो मात्र धरतात. त्यात पहिल्या दहांत आला तो शनिवारच्या मुख्य पात्रता फेरीत, म्हणजे ‘क्यू-टू’मध्ये, थेट. बाकीचे ‘क्यू-वन’मध्ये पंधरा मिनिटं झगडणार आणि त्यातले दोघंच वर जाणार. म्हणून शुक्रवारी दुपारी शेवटच्या सात-आठ मिनिटांत सगळे नवे कोरे मऊ टायर चढवून बाहेर पडतात आणि पडद्यावरचा तक्ता दर दहा सेकंदांनी उलटापालटा होतो. त्या वेळी चहाला उठाल तर परत येऊन मित्रांना ‘काय झालं, काय झालं’ विचारत बसाल. मी तसा बसलो होतो.

नोएडाला आणखी एक गंमत होती. त्या ट्रॅकवर २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झालेली, पण मोटोजीपीवाल्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता. जगज्जेता असो की पहिल्या वर्षाचं पोरगं, शुक्रवारी सकाळी सगळे एकाच बाकावर. तिथे एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. ताशी साडेतीनशेच्या आसपासचा वेग, आणि पट्टा संपतो तिथे उजवीकडे एकदम घट्ट वळण. कडेला अंतराच्या पाट्या लावलेल्या असतात. मी दुर्बिणीतून फक्त एकच गोष्ट बघत होतो : स्वार टाकीवरून छाती कुठे उचलतो. ती उचलली की समजायचं ब्रेक लागला. पहिल्या फेऱ्यांना माणसं पाटीच्या बरीच अलीकडे उठत होती. मग पाटीपाशी. दुपारी तर काही जण पाटी मागे टाकून उठायला लागले, आणि त्यातले एकदोघं वळण सोडून सरळ पुढे डांबरावर गेले, हात वर केला, वळून परत आले. मला शर्यतीपेक्षा हे जास्त आवडलं, खोटं कशाला सांगू. एकेक माणूस एकेक मीटर उसना घेऊन बघतो, परत करावा लागतो का ते.

सौ. तोवर शब्दकोडं सोडवत होत्या. मध्येच त्यांनी पडद्यावर गॅरेज पाहिलं आणि विचारलं, “एवढ्या उकाड्यात टायरला दुपटी कशाला गुंडाळलीत?” प्रश्न बिनतोड होता. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत टायर विजेच्या दुपट्यात नव्वद-शंभर अंशांवर शेकत होते. कारण खाली दुसऱ्या पत्राला देतो.

शनिवारी सकाळी अर्धा तास सराव, मग क्यू-वन, क्यू-टू, म्हणजे रांगेतली जागा ठरते. एका रांगेत तिघं. आणि दुपारी स्प्रिंट, निम्म्या अंतराची शर्यत. ही भानगड २०२३ लाच सुरू झाली. जिंकणाऱ्याला १२ गुण, रविवारी जिंकणाऱ्याला २५. रविवारी टाकीत २२ लिटर पेट्रोल भरता येतं, स्प्रिंटला १२. गाडी हलकी, टायर वाचवायची गरज नाही, त्यामुळे पहिल्या वळणापासून कोपरं बाहेर काढूनच सगळे निघतात.

आमच्या स्प्रिंटला आधी आभाळ फुटलं. पावसाने सगळं लांबलं. फेऱ्या ११ झाल्या. सुटल्या सुटल्या पहिल्याच वळणावर लुका मारिनीची गाडी मार्को बेझेक्कीवर आदळली. दोघं एकाच संघाचे! मारिनीचं कॉलरबोन मोडलं. बेझेक्की सर्वांत पुढून सुटला होता, तो पार शेवटी फेकला गेला, आणि तिथून अकरा फेऱ्यांत पाचवा आला. टीव्हीवर कॅमेरा पुढच्यांवर असतो. स्टँडमध्ये बसलं की दर फेरीला तो किती जणांना गिळून आला ते डोळ्यांनी दिसतं. रविवारी तोच जिंकला, आठ सेकंदांहून जास्त फरकाने. शनिवारी रात्रीच मी सौ.ना म्हटलं होतं की उद्या हाच. त्यांचं म्हणणं, मी बान्याया या दुसऱ्याच स्वाराचं नाव घेतलं होतं. हा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही.

रविवारी सकाळी दहा मिनिटांचा वॉर्म-अप, मग मोटो-३, मोटो-२ आणि शेवटी मोठी शर्यत. या लहान वर्गांच्या शर्यती चुकवू नका. मोटो-३ मध्ये दहा-दहा पोरं एका झुंडीत येतात, त्यांच्याइतकी चुरस मोठ्यांत क्वचित.

सेपांगला जागा घ्याल ती शेवटच्या वळणाजवळची घ्या. दोन लांब पट्ट्यांच्या मधोमध ते वळण आहे, म्हणजे जोराचा ब्रेकही दिसेल आणि वळणातून बाहेर पडताना मागचं चाक कसं वळवळतं तेही. कानात कापसाचे बोळे चालणार नाहीत, केमिस्टकडे फोमचे मिळतात ते घ्या. दुपारच्या पावसासाठी रेनकोट हवाच. छत्रीने मागच्याला काही दिसत नाही, आणि मागचा मराठीत नाही तरी समजेल अशा भाषेत बोलतो.

प्रश्न : गाडी एवढी आडवी झोपवतात की कोपर जमिनीला घासतं, तरी ती घसरत कशी नाही? आणि वळणाआधी एक पाय हवेत लोंबकळत सोडतात तो कशासाठी? (मेकॅनिकलची विद्यार्थिनी, सातारा)

घसरते की! नोएडाला रविवारी फ्रान्सेस्को बान्याया, त्या वेळचा जगज्जेता, होर्हे मार्तिनला मागे टाकून दुसरा झाला आणि थोड्याच वेळात ब्रेक लावताना पुढचं चाक निसटून भुईसपाट. तेव्हा घसरत नाही असं नाही. घसरायच्या कडेवर ते लोक चाळीस मिनिटं राहू शकतात, एवढाच काय तो फरक.

तू मेकॅनिकलची आहेस, म्हणून गणित सोडून देतो, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं येईल. मला समजलंय ते असं : टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार. एकच रक्कम. त्यातून ब्रेकला द्यायचं, वळायला द्यायचं आणि बाहेर पडताना थ्रॉटलला द्यायचं. गाडी सरळ उभी आहे तोवर सगळा पगार ब्रेकवर उधळता येतो. जसजशी गाडी झोपवाल तसतसा ब्रेक सोडत आणायचा, म्हणजे तिकडचे पैसे इकडे. पूर्ण झोपली, साठ अंशांच्याही पलीकडे गेली, की सगळा पगार वळण्यातच जातो. तेव्हा ब्रेकचं लिव्हर चिमूटभर जास्त दाबलं तर उधारी, आणि टायर उधार देत नाही. बान्यायाचं तेच झालं असावं.

आता पगार वाढवायचा कसा? एक, उष्णता. स्लिक, म्हणजे बिनखाचांच्या, टायरचं रबर गरम झालं की चिकट होतं, गार असेल तर ते प्लॅस्टिकच्या चपलेसारखं. सौ.च्या दुपट्याचं उत्तर हे. दोन, वजन. ब्रेक लावला की सगळा भार पुढे येतो, पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो, जमिनीला टेकणारा तळहाताएवढा तुकडा थोडा पसरतो. म्हणून ब्रेक एकदम सोडायचा नाही, वळणात थोडा घेऊनच शिरायचं. तीन, माणूस स्वतः आतल्या बाजूला बाहेर लटकतो. त्याने तेवढ्याच वेगाला गाडी थोडी कमी झोपवावी लागते. गुडघा आणि कोपर टेकतात ते शायनिंगसाठी टेकत नाहीत, आपण किती खाली आलोय याची ती मोजपट्टी असते. त्यावर प्लॅस्टिकच्या चकत्या लावलेल्या असतात, घासून संपल्या की बदलायच्या.

ब्रेकबद्दल अजून थोडं, कारण लोक वेगाच्या आकड्यावर भाळतात आणि ब्रेककडे कुणी बघत नाही. गाडी दीडशे-एकशे साठ किलोची, नियमाप्रमाणे किमान १५७. ताकद पावणेतीनशे अश्वशक्तीच्या वर. पुढच्या डिस्क कार्बनच्या. तुमच्या-माझ्या गाडीची लोखंडी डिस्क पहिल्या दाबाला धरते. कार्बनची गार असेल तर धरतच नाही, दोनशे अंशांच्या वर गेली की मग खरी चावते. म्हणजे सुटण्याआधीच्या फेरीत हे लोक उगाच ब्रेक दाबत जातात ते उगाच नसतं. साडेतीनशेवरून शंभरच्या आत यायला पाच-सहा सेकंद. तेवढ्या वेळात मागचं चाक जमिनीला जेमतेम शिवतं, बरेचदा तेही नाही. सर्व भार मनगटांवर आणि मांड्यांवर. त्या दिवशीच्या उकाड्यात हे करायचं म्हणून २४ फेऱ्यांची शर्यत २१ वर आणली, तरी दुसरा आलेला मार्तिन शर्यतीनंतर खुर्चीत कोसळल्यासारखा बसला होता. अंगातलं पाणी संपलेलं. डॉक्टरांना धावावं लागलं.

पाय लोंबकळवण्याचं म्हणशील, तर ते लोण व्हॅलेंतिनो रॉसीने आणलं. कोण म्हणतं तोल साधतो, कोण म्हणतं वाऱ्याला अडसर होतो, कोण म्हणतं मागच्याला पुढे घुसायला जागा राहत नाही. स्वारांना विचारलं तर प्रत्येक जण वेगळंच सांगतो. प्रोजेक्टला विषय हवा असेल तर घे.

प्रश्न : माझ्याकडे ड्यूक ३९० आहे. तिला स्लिक टायर टाकले तर पकड वाढेल का? (एक वाचक, नाशिक रोड)

नाही. वर वाचलंत ना, नव्वद अंश. द्वारका सर्कलच्या सिग्नलला उभे राहून टायर नव्वदला पोचत नाही. शिवाय स्लिकला खाचा नाहीत, पहिल्या पावसात गटाराच्या ओल्या झाकणावर बसाल. बाजूवर छापलेलंही असतं की रस्त्यावर वापरू नये. चाकणच्या कारखान्यातून निघताना गाडीला जे टायर होते त्याच्या तोडीचे घ्या आणि दर आठवड्याला हवा तपासा. निम्म्या लोकांची पकड हवा न भरल्याने गेलेली असते.

प्रश्न : वर्तमानपत्रात ‘बगनाया’ छापतात, तुम्ही मागच्या वेळी ‘बान्याया’ लिहिलंत. खरं काय? आणि आपल्या मातीत शर्यत झाली, पण त्यात आपलं म्हणावं असं कोण होतं? (निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

गुरुजी, इटालियनमध्ये ‘जी’ आणि ‘एन’ जोडीने आले की ‘न्य’ होतो, म्हणून बान्याया. तसंच स्पॅनिश ‘जे’ चा ‘ह’ होतो, म्हणून जॉर्ज नाही, होर्हे. छापणाऱ्यांना दोष देत नाही, मीही वर्षभर बगनायाच म्हणत होतो.

दुसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर आहे आणि एक आडवं उत्तर आहे. सरळ असं की मोठ्या वर्गात भारतीय कुणी नव्हतं. मोटो-३ मध्ये के. वाय. अहमद याला वाईल्ड कार्डवर, म्हणजे त्या एका शर्यतीपुरती, जागा मिळाली होती. स्टँडमध्ये आमच्या पुढे तमिळ पोरांचा एक घोळका होता, त्यांनी त्याच्यासाठी जी शिट्टी मारली ती अजून कानात आहे.

आडवं उत्तर मला जास्त आवडतं. २०११ ते २०१७ आपली महिंद्रा कंपनी जागतिक शर्यतीच्या लहान वर्गात उतरत होती, आधी १२५ सीसी आणि मग मोटो-३. गाड्या घडायच्या युरोपात, स्वार तिकडचे, पण टाकीवर नाव महिंद्रा. पहिली पाच वर्षं एकही विजय नाही. आम्ही गॅरेजमध्ये दर सोमवारी निकाल बघायचो, चहा प्यायचो आणि कामाला लागायचो. मग २०१६ च्या जूनमध्ये नेदरलँड्सला आसेनच्या ट्रॅकवर पहिला विजय मिळाला. मिळवून दिला तो एका एकोणीस वर्षांच्या इटालियन पोराने, नाव फ्रान्सेस्को बान्याया. त्याच संघात त्या वर्षी त्याचा जोडीदार होता होर्हे मार्तिन. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका संघाच्या महिंद्रावर एक कुरळ्या केसांचा पोरगा आला आणि जपानला मोतेगीत तिसरा आला. तो मार्को बेझेक्की.

आता नोएडाचे निकाल बघा. शनिवारची स्प्रिंट : मार्तिन पहिला, बान्याया दुसरा, मार्क मार्केझ तिसरा. रविवारी : बेझेक्की पहिला, मार्तिन दुसरा, फाबियो क्वार्तारारो तिसरा. म्हणजे दोन्ही दिवशी पहिल्या दोन जागा अशा पोरांनी घेतल्या ज्यांनी कोवळ्या वयात महिंद्राच्या टाकीवर हनुवटी टेकवली होती. आमच्या स्टँडमध्ये हे मी दोन-तीन जणांना सांगायचा प्रयत्न केला. एकाने मान डोलावली आणि विचारलं, “अंकल, स्कॉर्पियोवाली महिंद्रा?” मार्तिन पुढच्याच वर्षी, २०२४ ला, जगज्जेता झाला. भारतातली शर्यत मात्र त्या एकाच वर्षी झाली, पुढच्या वर्षी रद्द झाली ती झालीच.

प्रश्न : काका, मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. दर रविवारी पहाटे मित्रांबरोबर ताम्हिणीला जातो आणि गुडघा टेकवल्याचे फोटो दाखवतो. म्हणतो, मला रेसरच व्हायचंय. ओरडू की पाठिंबा देऊ? (एक आई, कोथरूड)

ताई, दोन्ही करा, पण क्रम सांभाळा.

ओरडायचं ताम्हिणीबद्दल. ट्रॅकवर वळणाच्या बाहेर मोकळी जागा असते, खडी असते, दर वळणावर झेंडा घेतलेला मार्शल असतो. पुढे कुणी पडलं असेल तर पिवळा झेंडा हलतो, तेल सांडलं असेल तर पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांचा, आणि परिस्थिती हाताबाहेर गेली तर लाल, सगळं थांबतं. ताम्हिणीत वळणाच्या बाहेर कठडा असतो, कठड्याबाहेर काय असतं ते तुम्ही पाहिलंय. झेंडा कुणी दाखवत नाही. समोरून माणगावची एसटी येते, ती तिच्या बाजूने बरोबरच येत असते. मी स्वतः त्या घाटात एका वळणावर म्हशी बसलेल्या पाहिल्यात. त्याच वळणावर अर्ध्या तासापूर्वी काही नव्हतं. आणि फोटोतल्या गुडघ्याला फसू नका. रस्त्यावर चाळीसच्या वेगालाही अंग वाकडं करून गुडघा टेकवता येतो. त्याने फक्त पँट फाटते.

पाठिंबा द्यायचा तो असा : त्याला सांगा, शर्यतीचा परवाना मोटर स्पोर्ट्स क्लब्सच्या फेडरेशनकडून, म्हणजे एफएमएससीआयकडून निघतो. त्याआधी प्रशिक्षण वर्ग कर. आपल्याकडे सराव आणि शर्यती मुख्यतः दोन ठिकाणी : चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आणि कोइंबतूरचा करी स्पीडवे. होंडा, टीव्हीएस यांच्या वन-मेक शर्यती असतात, तिथे सगळ्यांना एकसारखी गाडी कंपनीच देते. सुरुवातीला याहून चांगलं काही नाही, कारण मग ‘माझी गाडी पळत नव्हती’ म्हणायची सोय उरत नाही. अंगात चामड्याचा अखंड सूट, पाठीचं संरक्षक, चांगलं हेल्मेट. मोटोजीपीच्या सगळ्या वर्गांत २०१८ पासून सूटमध्ये एअरबॅग सक्तीची आहे, पडतोय असं कळताच खांद्याभोवती फुगते. आता तशी जॅकेटं विकतही मिळतात. गाडीला नवा सायलेन्सर मागत असेल तर ते पैसे इकडे वळवा.

आणि त्याला माझी एक गोष्ट सांगा. १९९५ ला मद्रासला गेलो तेव्हा गाडीच्या पुढच्या ड्रमला नवे ब्रेक शू टाकले होते. नवे शू ड्रमला बसेपर्यंत नीट धरत नाहीत, वीस-पंचवीस किलोमीटर चालवून ते बसवावे लागतात. शुक्रवारचा सराव त्यासाठीच असतो. पण लग्नाला सहा महिने झाले होते, आणि नवं लग्न झालेल्या माणसाने मद्रासच्या टी. नगरहून साडी न घेता परत जायचं नसतं असं मला कुणीतरी सांगितलं होतं. शुक्रवारभर मी दुकानं हिंडलो. शनिवारी पात्रतेत दहा मिनिटं चालवली, ठीक वाटली. रविवारी पहिल्याच फेरीत झुंडीत वळणावर आलो, सगळे जिथे ब्रेक दाबत होते तिथेच दाबला, आणि गाडी हळू व्हायच्या ऐवजी तशीच पुढे. समोरच्याला धडकू नये म्हणून बाहेर घेतली, गवतावर गेली, मी हात पुढे करून पडलो. हात पुढे केला की सगळा झटका खांद्यात जातो आणि कॉलरबोन काडीसारखं मोडतं. मारिनीचं मोडलं तेव्हा माझा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला, तिथे अजून एक उंचवटा आहे.

साडी मोरपंखी होती. अजून आहे. नोएडाला निघताना सौ.नी बॅगेत टाकली होती, म्हणाल्या, शुक्रवारी सकाळी वेळेवर पोचायचंय, आठवण असावी.

मुलाला म्हणावं, ट्रॅकवर पहिल्यांदा जाशील तेव्हा मला पत्र लिही. ब्रेकबद्दल विचार, टॉप स्पीडबद्दल नको.

प्रश्न : तुमच्या त्या आरएक्स-१०० चं पुढे काय झालं? (बऱ्याच जणांचा)

मद्रासला ती पार्सलने जायची. पुण्याला स्टेशनवर टाकी कोरडी करून द्यावी लागे, पेट्रोलचा वासही चालत नसे. मग पॅकिंगवाला गोणपाट शिवून तिला बुरखा घालायचा आणि वर काळ्या रंगाने नाव-गाव लिहायचा. परत येताना त्याच गोणपाटात. पंचाण्णवला दोघंही पॅक होऊन परत आलो, ती गोणपाटात, मी पट्ट्यांत.

पुढच्या वर्षी एकदा धावलो, अकरावा आलो आणि थांबलो. ९८ ला ती तळेगावच्या एका दूधवाल्याला विकली. सिलिंडरचे पोर्ट, म्हणजे त्यातली आत-बाहेरची भोकं, मी जोरात पळण्यासाठी फाईल केलेले होते, हे त्याला सांगितलं होतं, पण त्याला ते काय असतं ते माहीत नव्हतं आणि किंमत पटली होती. महिन्याभराने दोन्ही बाजूंना किटल्या लटकवलेली ती घेऊन गॅरेजवर आला. म्हणाला, “गाडी चांगलीये, पण हळू चालतच नाय. हळू चालवली की अडखळती, अन् जोरात नेली की दुधावर लोणी येतं.”

मी जुनं सिलिंडर शोधून बसवून दिलं. पैसे घेतले नाहीत.